सातपासून चार

सकाळी सातला सेट लावला की आधी खरखर,
मग टेकडीवरचा रिपीटर जागा व्हायचा,
मग मी: "कंट्रोल टू पिपलपडाव, कंट्रोल टू पिपलपडाव,
आवाज येऊन राह्यला का, ओव्हर."
"येऊन राह्यला, ओव्हर."
"बोला, ओव्हर."
"काय बोलू? ओव्हर."
"काही खबर? ओव्हर."
"काही नाही, ओव्हर."
असे तेवीस कॅम्प.

मेळघाटातल्या आमच्या रेंजला चॅनल दोनच.
एक बोलला की बाकी बावीस जणांनी तोंड मिटायचं.
फाल्गुनात एकदा मोजलं, घड्याळ समोर ठेवून, पोरीच्या जुन्या वहीत:
एक्केचाळीस मिनिटं हजेरी.
त्यात खबर म्हणावी अशी वाक्यं दोन.
खडकीच्या पाणवठ्यात पाणी गुडघाभर उरलं,
आणि भिलावेकरची बॅटरी उतरून राहिली.
बाकी सगळं, तू बोल, मी बोलू का, आता तू.
बैल दोन अन् कासरे चाळीस.

मग मी कागद केला.
डोंगराच्या धारेनं, उगवतीकडून मावळतीकडे
कॅम्पांना आकडे दिले,
शेजाऱ्याला शेजारचा.
धावड्याच्या डिंकानं प्रत्येक भिंतीवर चिकटवला
आणि सांगितलं, आता कोणाचं नाव पुकारणार नाही.
एकामागून दोन, दोनामागून तीन, आपली पाळी आपण ओळखा.
खबर असली तर सांगा,
नसली तर नुसतं बटण दाबा.
खट्. तेवढं पुरे.
कोणाला दुसऱ्या चॅनलवर धाडायचं झालं तर म्हणेन,
"सातपासून चार."
सात, आठ, नऊ, दहा निघाले.
भिंतीवरचा कागद बोलतो
तेवढं हवेला बोलावं लागत नाही.

रेंजर मॅडम म्हणाल्या, "आणि मधल्या नऊलाच इकडे ठेवायचं असलं तर?"
म्हटलं, जाऊ द्या नऊलाही.
एक नाहक गेला तरी चार नावं पुकारण्याहून स्वस्त.

पहिल्या दिवशी फजिती.
सहा आणि सात एकदमच दाबून बसले,
जामूनकर पाळी सोडून चहाला दूध बघायला गेला,
अठराला वाटलं सेट बिघडला, तो हापटत बसला.
पण आठवडाभरात हजेरी चार मिनिटांवर आली.
खट्, खट्, खट्,
ओट्यावर बसून कोणी चारोळी फोडावी तशी.

चैत्रात बाराला धूर दिसला सात वाजून सहा मिनिटांनी.
हवा मोकळी होती.
मी एवढंच बोलले, "अकरापासून तीन, दुसऱ्यावर या."
वणवा ओढ्याच्या अलीकडे अडला, असं वहीत आहे.
त्या पानावर मॅडमची सही आहे, हिरव्या शाईत.

एक तारखेला तेवीस खाली उतरला, राशनला.
सबूलाल बेठेकर. शेवटचा कॅम्प,
वरती तो आणि एक कुत्रं.
तेलाची कॅन भरून होईतो उभा राहिला,
मग म्हणाला, "बाई, चांगलं केलं तुमी, लवकर आटपते.
पण दिवसाचं मले कोणी 'बोला' म्हणे,
ते तुमीच म्हणत होत्या."

माझ्या वहीत ते 'बोला'
'वाया' नावाच्या रकान्यात होतं.
तेवीस गुणिले एक.

आता बावीस खट् होतात, झटपट.
तेविसावं लांब येतं.
तो बटण दाबून धरतो, बोलत काहीच नाही,
मागे काटक्या तडकतात, कोतवाल पक्षी भांडतो,
कुत्रं एकदा कान झाडतं.
पाच सेकंद, कधी सहा.
मी वहीत लिहिते, खबर नाही.

आणि माझं बटण
तेवढाच वेळ धरून ठेवते.